आठव्या माळेची पावलं

शारजाला अल मजाजमध्ये आम्ही राहतो तिथून गाडीनं पाच मिनिटांवर एक मॉल आहे. इथला उन्हाळा ऑक्टोबर अर्धा सरला तरी हलत नाही. त्या दिवसांत लगूनच्या काठानं चालायचं म्हणजे तोंडावर ओला टॉवेल घेऊन चालल्यासारखं. बिल्डिंगच्या दारातून पाऊल बाहेर टाकलं की चष्म्यावर वाफ. म्हणून तो मॉल चालणाऱ्यांसाठी सकाळी लवकर दार उघडतो. दुकानं बंद, शटरं खाली, सरकते जिने थांबलेले, दिवे निम्मेच. एसीच्या डक्टचं काम करणाऱ्या कंपनीत माझा जन्म गेला, त्यामुळे मॉल भरलेला असताना हवा कशी वाहते आणि रिकामा असताना कशी, हे मला कानानं कळतं. सकाळी ती वरच्या जाळ्यांमधून सावकाश खाली येते आणि कुणीतरी झोपेत श्वास घेतल्यासारखा आवाज होतो.

तुम्ही म्हणाल, मॉलला काय घाबरायचं? मीही तेच म्हणायचो. पण काचेआडचे पुतळे गर्दीत दिसतात तसे सकाळी दिसत नाहीत राव. काहींना डोकी नसतात. आणि कोपऱ्यावरच्या बुटांच्या दुकानात तर नुसते पायच मांडलेले, घोट्याच्या वर कापलेले, गुलाबी प्लॅस्टिकचे. काहींत बूट घातलेले, काही उघडे. त्या खिडकीसमोरून जाताना मी नेहमी समोरच्या भिंतीकडे बघत जायचो.

चालायला मी हौसेनं जात नव्हतो. मला डायबेटिस आहे, बरीच वर्षं झाली. गोळ्या घ्यायच्या, श्रीखंड समोर आलं की "आज चालतंय" म्हणायचं, आणि रिपोर्ट आला की आठवडाभर कारल्याचा रस प्यायचा, असा आमचा कारभार. मग पायांचं सुरू झालं. आधी मुंग्या, मग जळजळ, आणि एक दिवस जळजळ आपोआप थांबली. मी म्हटलं, चला, बरं झालं. डॉक्टरीणबाई केरळच्या, वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला हेडमास्तरीण. त्यांनी एक लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेबलावर आपटलं आणि थरथरत असतानाच माझ्या अंगठ्यावर टेकवलं. "कंपन समझ में आ रहा है?"

मी बघत होतो. चिमटा थरथरताना डोळ्यांना दिसत होता, त्याची बारीक गुणगुण कानाला ऐकू येत होती. पायाला काहीच नव्हतं. तो पाय दुसऱ्या कुणाचा तरी तिथं आणून ठेवलाय आणि हे दोघं मिळून माझी थट्टा करतायत, असं मला वाटलं. मी छताकडे बघत, जरा विचार केल्यासारखं करून म्हटलं, "हां, थोडा थोडा." बाईंनी मान वर केली. चिमटा केव्हाच उचलून खिशात टाकला होता त्यांनी.

मग त्यांनी दम भरला तो असा. रोज चाला. बूट घालूनच चाला. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. रोज रात्री आरसा घेऊन तळवे बघा, कारण पाय आता तुम्हाला काही सांगणार नाहीत. आणि घरच्यांना बरोबर घेऊन चाला, एकटा माणूस चार दिवसांत सोडून देतो. हे सगळं त्यांनी बायकोसमोर सांगितलं. बायको मान डोलावत होती आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "सकाळी माझी ड्यूटी, हिचा डबा, हिची स्कूलबस. तुम्ही जाऊन येत जा हो." मुलगी बारावीला. मागच्या सीटवरून कानातला इयरफोन न काढता म्हणाली, "बाबा, आय हॅव एक्झाम्स." खलास. विषय संपला.

तर मी एकटाच जायचो, म्हणजे जायचो असं सांगायचो. निम्म्या वेळा मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत एसी लावून बसायचो आणि घरी येऊन "आज मस्त झालं" म्हणायचो. मनुष्यस्वभाव आहे, त्यात काय एवढं?

आमच्या वरच्या मजल्यावर एक मेक्सिकोचं कुटुंब राहतं. जावई कुठल्याशा तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, त्याची बायको, दोन मुली, आणि त्या बायकोची आई. म्हातारी बुटकी, ठेंगणी, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घालणारी. तिला पाठमोरी बघितली तर आमच्या कोल्हापुरातली कुठलीही बाई वाटेल. तिलाही डायबेटिस. पहिल्यांदा लिफ्टमध्ये माझ्या हातातली औषधांची पिशवी बघून तिनं आपल्या छातीवर बोट आपटलं आणि म्हणाली, "असुकार." मी म्हटलं, "साखर." ती खो खो हसली. तेवढीच आमची भाषा. बाकी सगळं तिची मुलगी इंग्रजीत सांगायची.

ती मंडळी मॉलमध्ये यायची ती वरात घेऊन. म्हातारी मध्ये, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला जावई, पुढे नाती. एक नात फोनवर त्यांचं काहीतरी ट्रम्पेटचं गाणं लावायची. कुणी मागे रेंगाळलं की म्हातारी "वामोस!" म्हणून ओरडायची, आपण इथं "यल्ला", चला चला, म्हणतो तसं. ती घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरायची, मी सुलट्या, म्हणजे दर फेरीत आमची समोरासमोर गाठ. एकदा तिनं मला थांबवलं आणि लेकीला काहीतरी विचारायला लावलं. लेक संकोचून म्हणाली, "आई विचारतेय, तुम्ही रोज एकटेच का? घरी कुणी नाही का?"

"सगळे आहेत," मी म्हटलं.

म्हातारीनं ते ऐकून घेतलं आणि माझ्या दंडावर थोपटलं. मला असा राग आला म्हणून सांगू! कोण कुठली बाई, माझी कीव करते. नंतर तिच्या लेकीनं सांगितलं की तिच्या वडिलांचा, म्हणजे म्हातारीच्या नवऱ्याचा, पाय साखरेनं गेला होता. आधी बोटं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत, मग माणूस. म्हणून हे सगळे तिच्याबरोबर चालतात. एकटीला सोडत नाहीत.

मग आलं नवरात्र.

आमच्याकडे नवरात्रात नऊ दिवस पायात काही घालायचं नाही, असा माझ्या आईचा नेम. कोल्हापुरात त्या दिवसांत अर्धं गाव अनवाणी असतं, त्यात कुणाला विशेष वाटत नाही. आई पहाटे उठून अनवाणी अंबाबाईला जायची, आणि जाताना आमच्या शहाबादी फरशीवर तिच्या पायातली जोडवी वाजायची. टिक, टिक, टिक. अंथरुणात पडल्या पडल्या मला त्या आवाजावरून कळायचं की ती न्हाणीघरात आहे की देवघरात की दाराशी. दोन वर्षांपूर्वी ती गेली. वडील आहेत, म्हणजे अहेव गेली. मी इथून पोचलो तेव्हा तिला चादरीनं झाकलं होतं आणि चादरीबाहेर पाय तेवढे दिसत होते, जोडवी घातलेले. मी आधी पायांनाच ओळखलं.

तर तिचा नेम आता माझ्याकडे आला होता. पण इथे अनवाणी जाणार कुठं? पार्किंगमधल्या डांबरावर अंडं फोडलं तर ऑम्लेट होईल. ऑफिसात बिनबुटाचा गेलो तर मॅनेजर मला घरी पाठवेल. मग माझ्या सुपीक डोक्यातून एक युक्ती निघाली. मॉलची फरशी! गार, गुळगुळीत, रात्रभर मशिननं पुसलेली, आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ. रोज सकाळी तिथे अनवाणी चालायचं. डॉक्टरांचं चालणं झालं, देवीचा नेम झाला, एका दगडात दोन पक्षी. देवीला मनात सांगून टाकलं, ऑफिसात आणि घरात समजून घे बाई, तुझंच लेकरू आहे.

बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"देवीपुढे तुझी डॉक्टर?" मी म्हटलं. तीही सातारची, तिच्या माहेरीही घट बसतो. पण चेहरा उतरला तिचा, ते मी बघितलं.

घटस्थापनेला दारावरच्या नेपाळी गार्डनं अडवलं. "सर, शूज." मी म्हटलं, "भाई, पूजा." त्यानं हात जोडून "दशैं?" विचारलं, म्हणजे त्यांचं नवरात्र, आणि दुसरीकडे बघितलं. चपला पिशवीत टाकून मी आत शिरलो. आणि एक सांगतो, त्या दिवसापासून मी एकदाही गाडीत बसून राहिलो नाही. डॉक्टरीणबाईंच्या दमदाटीनं जे झालं नव्हतं ते आईच्या नेमानं झालं. रोज भरपूर चालायचो, घामाघूम होऊन घरी यायचो. सकाळची शुगर उतरायला लागली. बायको हळूच म्हणाली, "असंच चालू ठेवा हं." मला अगदी शेर झाल्यासारखं वाटत होतं.

अनवाणी चालताना पावलांचा आवाज होत नाही. आधी बूट होते तेव्हा निदान स्वतःची सोबत असायची. आता ट्रम्पेटवाली मंडळी लांबच्या टोकाला गेली की काही म्हणजे काही ऐकू येईना. पायांना फरशीचा गारवा कळत नाही, कानांना पाऊल कळत नाही. शटरांच्या पत्र्यात एक बुटकी सावली माझ्या बरोबरीनं सरकताना दिसायची, ती माझीच, पण खात्री करायला मी हात हलवून बघायचो. माणूस चालतोय आणि चालल्याची काहीच खूण नाही, हे फार विचित्र असतं हो.

पाचव्या माळेला आवाज सुरू झाला.

मी बुटांच्या दुकानाच्या अलीकडे होतो. टिक. मग जरा वेळानं, टिक. मला वाटलं एसीच्या डक्टचा पत्रा असेल, गार झाला की वाजतो. मी थांबलो. आवाज थांबला. चालायला लागलो, टिक. मागे वळून बघितलं, सगळी रिकामी फरशी चकाकत होती आणि लांब फवाऱ्याजवळ म्हातारीची वरात वळत होती. पुन्हा चाललो. टिक, टिक. माझ्यापेक्षा निम्म्या गतीनं. मी दोन पावलं टाकली की तिचं एक.

तिचं. म्हणजे मी लगेच "तिचं" म्हटलं मनात, ते कुणी शिकवावं लागलं नाही. दगडी फरशीवर जोडव्याचा आवाज मला नाही कळणार तर कुणाला कळणार? मी त्या थंडगार मॉलमध्ये, डोकी नसलेल्या पुतळ्यांच्या मधोमध उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघालं, "आई?"

उत्तर कोण देतंय! पण मी चालायला लागलो की ती चालायची. सरकत्या जिन्याच्या खालून, दागिन्यांच्या दुकानावरून, लहान मुलांच्या खेळाच्या बंद ट्रेनजवळून. मी भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू? पण त्या भीतीखाली एक सुख होतं. इतके महिने मी एकटा फिरत होतो. आता कुणीतरी बरोबर होतं.

घरी कुणाला बोललो नाही. मोजे धुवायला टाकताना बायकोनं विचारलं, "याला खाली काय लागलंय हो?" तपकिरी डाग होता उजव्या मोज्याला. "चटणी सांडली असेल," मी म्हटलं. मोज्याला चटणी कशी लागेल हे तिनंही विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. घरात स्लीपर, ऑफिसात बूट, आणि ढेरीपलीकडे वाकून तळवा बघायचा म्हणजे सर्कस. आरसा आणला होता, तो मी दाढीला वापरत होतो.

मुलीला मात्र एकदा गाडीत सांगून बसलो. "आजी येते माझ्याबरोबर चालायला." तिनं कानातलं काढलं. किती दिवसांनी काढलं असेल! "बाबा, दॅट्स सो क्रीपी," ती म्हणाली, आणि मग विचारलं, "आर यू ओके?" मी म्हटलं, "एकदम ओके." खिडकीबाहेर बघत राहिली, पण कानातलं तिनं परत घातलं नाही.

आठव्या माळेला अंगात थोडी कसर होती. उठताना थंडी वाजली, तोंड कडू. बायको म्हणाली आज राहू द्या. मी म्हटलं, अष्टमीला खाडा? आई काय म्हणेल? हे मी अगदी सहज बोललो, आणि बायको माझ्याकडे बघतच राहिली.

पहिल्या फेरीत आवाज बारीक होता, ओला ओला, जोडव्याला हळद-कुंकू लागल्यासारखा. मी मनातल्या मनात तिच्याशी बोलत होतो. दुसऱ्या फेरीत फवाऱ्याच्या पुढे मला फरशीवर लाल डाग दिसला. आधी मला संतापच आला. एवढ्या स्वच्छ फरशीवर कुणीतरी केचप सांडलंय, गार्डला सांगायला हवं. पुढे अजून एक डाग. मग अजून एक. मग मी नीट बघितलं आणि माझे पाय तिथेच थिजले.

पावलं होती ती. अनवाणी पावलं, कुंकवाच्या रंगाची. गौरी आणताना दारापासून देवघरापर्यंत काढतो तशी, एकामागून एक, माझ्या पुढे पुढे, दागिन्यांच्या दुकानाकडे वळत गेलेली. फक्त गौरीची पावलं दोन्ही पायांची असतात. ही एकाच पायाची होती. उजव्या.

अष्टमीची सकाळ, रिकामा मॉल, वरून झोपेतल्या श्वासासारखी उतरणारी हवा, आणि समोर ती पावलं. मी काय करावं? मी हात जोडले. खरंच जोडले. वाकून त्यातल्या एका पावलाला बोट लावून कपाळाला लावलं. कुंकू इतकं ओलं कसं, हा प्रश्नही डोक्यात आला आणि तसाच निघून गेला. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून मी बाजूबाजूनं चालायला लागलो. बाजूनं टिक टिक चालूच होती. आई पुढे गेली होती आणि तरी बरोबर होती, आणि त्यात मला काही खटकत नव्हतं. ताप माणसाला असंच शहाणं करतो.

समोरून म्हातारीची वरात आली. नात फोनवरचं गाणं गुणगुणत होती. म्हातारीची नजर फरशीवर गेली आणि ती जागच्या जागी थांबली. तिनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला, त्यांच्या पद्धतीनं. मला वाटलं, बघ, हिलाही दिसतायत. मी हसलो तिच्याकडे बघून. पण ती पुढच्या पावलांकडे बघतच नव्हती. ती माझ्या मागे बघत होती. "सिन्योर!" ती अशी किंचाळली की तो आवाज वरच्या मजल्यापर्यंत घुमला. तिनं बोट दाखवलं.

मी वळलो. माझ्या मागेही पावलं होती. ताजी, चमकणारी. दूरवरून एकामागून एक येत होती आणि माझ्या टाचेपाशी येऊन संपत होती.

पुढचं भराभर झालं. जावयानं मला धरलं, बाकावर बसवलं. म्हातारी खाली फरशीवरच बसली, फतकल मारून, आणि तिनं माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. तिचा परकर पांढरा होता. मी "अहो, नको नको" म्हणत होतो, मराठीतच, एवढ्या मोठ्या बाईच्या मांडीवर पाय काय ठेवायचा! तिनं ऐकलं नाही. तळव्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी नको नको म्हणायचं थांबलो. मग तिनं बोटातल्या अंगठीनं माझ्या तळव्यावर, करंगळीच्या मुळाशी, हळूच ठोकलं.

टिक.

तोच आवाज. कपड्यांना चोरी पकडायचे जे टॅग लावतात ना, त्याची पिन होती. खिळ्यासारखी, चपट्या डोक्याची. पाचव्या माळेपासून माझ्या पायात होती आणि तिचं डोकं दर पावलाला फरशीवर वाजत होतं. पुढची पावलंही माझीच, पहिल्या फेरीतली. म्हातारीनं पुन्हा ठोकून लेकीला दाखवलं. टिक. मला काही म्हणजे काहीच कळलं नाही, नुसतं ऐकू आलं. "नको वाजवू," मी म्हटलं आणि लहान पोरासारखा रडायला लागलो. ती मंडळी समजली, दुखतंय म्हणून रडतोय. दुखलं असतं तर काय हवं होतं! मी आईसाठी रडत होतो. ती काही माझ्याबरोबर नव्हती. कधीच नव्हती.

म्हातारीनं आपल्या गळ्यातला रुमाल पायाला गुंडाळला आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत माझा हात सोडला नाही. तिथे पिन काढून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकली, तेव्हा ती शेवटची वाजली. बायको धावत आली ती ऑफिसच्या आयडी कार्डासकट. मला बघितलं, पायाकडे बघितलं, आणि डॉक्टर, नर्स, मेक्सिकोची माणसं सगळ्यांसमोर ओरडली, "चटणी म्हणालात! मला चटणी म्हणालात!" आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. माझा पाय वाचावा म्हणून तिनं त्या दिवशी कुठल्या कुठल्या देवाला काय काय बोललं असेल, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

पाय वाचला. करंगळी वाचली नाही. विष हाडापर्यंत गेलं होतं. दिवाळीच्या तोंडावर ती काढली. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, ते फार लागलं मला. नुसतं म्हणाल्या, "बाकी पैर आपके घरवालों के भरोसे है."

तेव्हापासून आमच्या घरात एक नवीन कार्यक्रम आहे. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मी सोफ्यावर बसतो, पाय स्टुलावर. मुलगी खाली बसून फोनचा टॉर्च धरते. बायको हात धुऊन येते, पाय तपासते, भेगांना क्रीम लावते. शिवाय तिनं एक खेळ काढलाय. मी डोळे मिटायचे, ती एकेका बोटाला हात लावणार, कुठलं ते मी ओळखायचं. मी अंदाजानं ठोकून देतो. "अंगठा." "मधलं." कधी बरोबर येतं, कधी नाही. बरोबर आलं की तिचा आवाज उजळतो, म्हणून मी मन लावून अंदाज करतो. नंतर आम्ही तिघं चालायला जातो, आणि म्हातारीची वरातही आता संध्याकाळीच येते. अशा पायांसाठीचा जड बूट मिळालाय मला, खास बनवून घेतलेला. म्हातारी भेटली की माझ्या बायकोकडे आणि मुलीकडे बोट दाखवते आणि मोठ्यानं मोजल्यासारखं काहीतरी म्हणते. मुलगी म्हणते, "शी इज काउंटिंग अस, बाबा."

परवाची गोष्ट. मी डोळे मिटून बसलो होतो. आणि मला कळलं! स्पष्ट कळलं! गार, ओलसर बोट, नुकतीच भांडी घासून आलेल्या हाताचं, कडेच्या बोटाला अलगद लागलं. इतक्या वर्षांत असं काही लागलं नव्हतं. मी आनंदानं ओरडलोच, "करंगळी! कळलं मला! करंगळी!"



मी डोळे उघडले. मुलगी टॉर्च धरून माझ्याकडे बघत होती, तोंड उघडं. बायको अजून स्वयंपाकघराच्या दारात होती, हातात नॅपकिन. "बाबा," मुलगी अगदी हळू म्हणाली, "मम्मा हॅजन्ट इव्हन स्टार्टेड." स्टुलावर माझा उजवा पाय होता, चार बोटांचा. पाचव्याच्या जागी ती गुळगुळीत, गुलाबी खूण. आणि त्या खुणेच्या पलीकडे, रिकाम्या हवेत, तो गार स्पर्श अजून होता. कुणीतरी हात काढायचा विसरल्यासारखा.

बायको आली. काय झालं असेल ते तिला मुलीच्या तोंडावरून कळलं असावं, कारण तिनं विचारलं नाही. ती स्टुलापाशी बसली आणि तिनं माझं पाऊल दोन्ही हातांत धरलं, घट्ट, तिची नखं पांढरी पडलेली मी बघितली. "कळतंय का हो?" ती म्हणाली.

नव्हतं कळत. उरलेल्या चार बोटांना काही कळत नव्हतं, आणि जे नव्हतं त्याला कळत होतं. आईचे हात असेच गार असायचे, पहाटे पाण्यातून आल्यावर. एक क्षण मला वाटलं, डोळे परत मिटून घ्यावेत.

मिटले नाहीत. मी बायकोच्या हातांकडे बघितलं. तिच्या अंगठ्याला हळद राहिली होती, मनगटावर फोडणीचा जुना डाग होता.

"नाही कळत," मी म्हटलं. पहिल्यांदाच खरं बोललो. "पण दिसतंय."

तिनं मान हलवली, डोळे पुसले आणि माझा बूट पुढे ओढला. "उठा मग," ती म्हणाली, "यल्ला. ती आजी मोजायला थांबली असेल."